मधोमध दिसलेला डाग

मी एक जुनी शोधदुर्बीण आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही कधी ऐकले नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर वीतभर लांबीची एक छोटी नळी बसवलेली असते ना, तीच मी. मोठ्या दुर्बिणीला फार दूरचे दिसते, पण आभाळाचा अगदी एवढासा तुकडा दिसतो. तेवढ्याशा तुकड्यात एखादा तारा शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे. म्हणून आधी मला विचारायचे. माझ्या डोळ्यात दोन बारीक तारांची फुली आहे. जे पाहायचे ते त्या फुलीवर आणले, की थोरलीच्या डोळ्यात ते आपोआप उतरते. वाट मी दाखवायची आणि ‘वा! वा!’ तिने ऐकायची. वाटाड्याच्या गळ्यात कोणी हार घालत नाही, मित्रांनो.

आज मी एका घड्याळाच्या दुकानात, काचेच्या कपाटात असते. माझ्या एका बाजूला बंद पडलेली गजराची घड्याळे आहेत, दुसऱ्या बाजूला चामडी पट्ट्यांचा गठ्ठा. इथे मी कशी आले तेच सांगायला बसले आहे. गोष्ट मजेत सुरू होते, पण मजेत राहत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून मला बोल लावू नका.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे लांबच लांब बाकावर बायका भिंगे घासत बसत. भिंग घासणे म्हणजे लेकराला न्हाऊ घालणे. जोर लावला तर ओरखडा, हात सैल सोडला तर डाग. जिने मला घडवले तिने मला खिडकीशी धरले, उजेडात वळवून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, “ही पोर नितळ आहे गं.” आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मग मला एका पेटीत घातले. त्याच पेटीत माझी थोरली बहीण होती, पांढरीशुभ्र, लांबलचक, मोठ्या तोंडाची.

ती पेटी ज्याने विकत घेतली तो बस चालवत असे. सगळी गल्ली त्याला ड्रायव्हरमामा म्हणायची. त्याच्या खोलीला गच्ची नव्हती. बहिणीच्या घराला होती. म्हणून पेटी खांद्यावर घेऊन तो थेट बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

“ताई, पाणी नको, चहा नको, आधी कात्री दे!”

“अरे, हात तरी धू. डिझेलचा वास येतोय.”

“आणि भावजी कुठायत? भावजी, दुकान बंद करा आज. आजचा वेळ आपला आहे!”

ताईचे यजमान घड्याळजी होते. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. उजव्या डोळ्याला भिंगाची टोपी लावून ते दिवसभर मनगटी घड्याळांच्या पोटात डोकावत बसायचे. डोळ्यावरचे भिंग न काढताच ते बाहेर आले आणि म्हणाले, “माझ्या दुकानात सगळ्यांचा वेळ बंदच पडलेला असतो रे. उघड तुझी पेटी.”

काय तो गोंधळ! मामाने सूचनांचा कागद आधी बाजूला भिरकावला आणि मग तोच शोधत बसला. एक स्क्रू निसटून पळाला, तो घड्याळजींनी नुसत्या आवाजावरून पलंगाखालून काढला. थोरली तिपाईवर चढली तेव्हा मामा तिच्याभोवती नव्या वासराभोवती फिरावे तसा फिरत होता. मग त्याने मला डोळ्याला लावले आणि त्याचे तोंड पडले. प्रवासात माझ्या फुलीची एक तार तुटली होती.

“माझ्यावर सोड,” घड्याळजी म्हणाले. त्यांनी घड्याळाची बारीकातली बारीक तार लावून पाहिली. ती दोरखंडासारखी जाड दिसली. शेवटी त्यांनी बायकोच्या डोक्याकडे पाहिले. “एक केस दे गं.”

“अहो, इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंत, आता केसही हवेत का?” ताई म्हणाली. म्हणाली खरी, पण लगेच केस उपटून पुढे केला.

तेव्हापासून माझ्या डोळ्यात एक तार कारखान्याची आणि एक केस ताईचा. तारे सगळे त्या केसावरून चालत गेले.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. जेवणे उरकली की तिघे गच्चीवर यायचे. दिवसाउजेडी मामा आम्हा दोघी बहिणींना समोरच्या पाण्याच्या टाकीच्या टोकावर जुळवून ठेवायचा. माझ्यातून सगळे उलटे दिसते. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा डोळा लावला आणि किंचाळल्याच, “अगोबाई, टाकी उलटी झालीय! पाणी सांडेल ना!” घड्याळजी हसून हसून खाली बसले होते.

मामाने घरात एक नियम घालून दिला होता: आधी धाकटी, मग थोरली. मामा स्वतः घाईचा, तो हा नियम मोडायचा आणि भलत्याच ताऱ्याला शनी म्हणून बसायचा. घड्याळजींनी मात्र कधी मोडला नाही. दुर्बिणीपाशी आले की त्यांचा उजवा डोळा न विचारता आधी माझ्याकडे वळायचा. तो त्यांचा पोटापाण्याचा डोळा. दिवसभर घड्याळाच्या चाकांवर राबलेला तो डोळा माझ्यावर टेकला की निवायचा, हे मला कळायचे. मान वाकवायची, बोटांनी स्क्रू चाचपायचा, श्वास धरायचा. सुताराचा हात जसा आपसूक रंध्यावर जातो, तसा त्यांचा डोळा माझ्यावर येई. थोरलीची वाहवा गल्लीभर व्हायची, पण माझा एक माणूस होता आणि तो मला पुरेसा होता.

ताईला ताऱ्यांची नावे लक्षात राहत नसत. ती कठड्याला टेकून बसायची आणि स्वतःच रचून गुणगुणायची:

काळ्या आभाळाच्या पाटी, कोणी सांडियले मोती
माझा बंधुराया वेची, माझ्या कंथाच्या संगती

“ताई, मोती नाहीत ते, वायूचे गोळे आहेत,” मामा म्हणायचा.

“तुझ्या डोक्यात आहेत वायूचे गोळे,” ताई म्हणायची आणि पुन्हा तेच गुणगुणायची.

एकदा वाऱ्याने माझ्या तोंडावरचे झाकण उडाले आणि कठड्यावरून खाली कुठे गेले ते सापडले नाही. ताईने दुसऱ्या दिवशी उरलेल्या काळ्या मखमलीचे एक टोपडे शिवले, कडेला बारीक रबर घालून. त्या घरात पाळणा कधी हलला नव्हता. टोपडे माझ्या तोंडावर चढवून तिने ते दोन्ही बाजूंनी नीट ओढले, मला जरा लांब धरून पाहिले आणि आत गेली. मखमलीचे ते टोपडे पिसासारखे हलके होते. मुठीत धरले तरी हाताला जाणवू नये, इतके हलके.

पुढे एक दिवस मामा पुन्हा पळत आला. या वेळी त्याच्या हातात चांदीच्या वर्खासारखा चकचकणारा एक पातळ कागद होता.

“भावजी, आता दिवसासुद्धा! सूर्य बघायचा, सूर्य! हा कागद मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावर बसवला की सूर्याचं सगळं तेज गाळून निघतं. सूर्यावरचे डाग दिसतात म्हणे, तिळाएवढे.”

“आणि डोळे?” ताईने विचारले.

“म्हणून तर नीट करायचं, ताई. इथे वेंधळेपणा चालणार नाही.”

आणि खरोखर त्यांनी सगळे नीट केले. हे मी शपथेवर सांगेन. ताईने जाड पुठ्ठ्याची चकती कापली, थोरलीच्या तोंडाचे माप दोनदा घेतले. घड्याळजींनी तो कागद दिव्यासमोर धरून डोळ्यावर भिंग लावून कणाकणाने तपासला. सुईच्या टोकाएवढे जरी भोक असते तरी त्यांच्या नजरेतून सुटले नसते. वाऱ्याने उडू नये म्हणून मामाने चकतीला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावायचे ठरवले. सगळी काळजी थोरलीच्या तोंडाची. माझे तोंड कोणाच्या बोलण्यात आले नाही.

सुट्टीची सकाळ होती. गल्लीतली मुले गच्चीवर जमली. मामाने नेहमीप्रमाणे आधी माझे टोपडे काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि आम्हा बहिणींना टाकीच्या टोकावर जुळवले. मग थोरलीच्या तोंडावर त्या चकचकीत कागदाची चकती बसवली, पट्ट्या लावल्या, ओढून पाहिल्या. सूर्य शोधायला माझी गरज नसते. दुर्बिणीची सावली जमिनीवर लहानात लहान झाली, की ती सूर्याकडे वळलेली असते. मामाने सावली पाहत पाहत तिला वळवले. तिच्याबरोबर मीही वळले. माझे तोंड उघडे होते, मित्रांनो. सूर्य सरळ माझ्या घशात उतरला.

“कोणीही नुसत्या डोळ्यांनी वर बघायचं नाही हं!” मामा मुलांना दटावत होता. “ए, तू! खाली बघ! डोळे म्हणजे खेळ वाटला काय?”

त्या घरात एक रीत होती: नव्या वस्तूची पहिली नजर वडीलधाऱ्याची. “चला भावजी,” मामा म्हणाला, “पहिला मान तुमचा,” आणि रांग मोडणाऱ्या एका मुलीला मागे न्यायला वळला.

घड्याळजी पुढे आले. मान वाकवली. बोटांनी स्क्रू चाचपला. आणि त्यांचा उजवा डोळा, इतक्या रात्रींच्या सवयीने, आधी माझ्याकडे आला.

मला पापणी असती तर! मला नुसता एक आवाज असता तर!

ताईचा केस माझ्या डोळ्यात चर्रकन जळाला. घड्याळजी दचकून मागे झाले. सगळे मिळून दोन श्वासांचा वेळ गेला असेल.

“अगं, तुझा केस जळला बघ,” ते डोळा चोळत म्हणाले आणि हसले. त्यांना काही दुखले नाही. कोणालाच काही कळले नाही. ताई म्हणाली, “जळू दे, डोक्यावर आहेत अजून.” मुले हसली. मग घड्याळजींनी थोरलीला डोळा लावला.

“अरे वा!” ते म्हणाले. “दिसला! केवढा मोठा डाग आहे रे! अगदी मधोमध.”

“मला! मला!” मुलांनी एकच गिल्ला केला.

मामा आनंदाने पळत आला. “बघू, बघू!” त्याने डोळा लावला, जरा वेळ पाहिले. “मधे कुठे, भावजी? डाग आहेत, पण कडेला, बारीक बारीक. मधे काहीच नाही.”

“असं कसं? चांगला रुपयाएवढा आहे.” घड्याळजींनी पुन्हा पाहिले. “हा काय. काळा, हिरवट.”

मग ते सरळ उभे राहिले. डावा डोळा मिटून त्यांनी पाण्याच्या टाकीकडे पाहिले. टाकीचे टोक नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिले.

“तू जरा इकडे बघ.”

“बघतेच आहे, अहो.”

“तुझं तोंड कुठे गेलं?”

मुलांना वाटले, काका गंमत करताहेत. ती खिदळली. ताई हसली नाही. मामाचा हात सावकाश खिशाकडे गेला. त्याने मखमलीचे टोपडे बाहेर काढले आणि तो त्याच्याकडे पाहतच राहिला.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासले. “दुखलं नाही ना? डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं माहीतच नाही. दुखलं असतं तर माणूस वाचला असता.” कडेचे दिसत राहील, त्या म्हणाल्या, मधले परत येईल असे काही सांगता येत नाही. वाट पाहिली. महिने गेले. मधले आले नाही. म्हणजे घड्याळजींना त्या डोळ्याने घड्याळाची कड दिसायची, आकडे दिसायचे, आणि काटे जिथे जोडलेले असतात तिथे ते हिरवट काळे भोक.

त्यांनी डाव्या डोळ्याला भिंग लावून पाहिले. पण मान, खांदा, बोटे, सगळे आयुष्यभर उजव्या डोळ्याच्या धाकात वाढलेले. ते डाव्याचे ऐकेनात. एक बाई आपल्या वडिलांचे घड्याळ घेऊन आल्या. त्यातला केसासारखा नाजूक दांडा घड्याळजींच्या चिमट्यात मोडला. त्यांनी ते घड्याळ दोन्ही हातांनी परत केले. “माझ्याकडून मोडलं, बाई,” म्हणाले. त्यानंतर त्यांनी भिंग खणात टाकले. आता ते सेल बदलतात, पट्टे लावतात. लोक म्हणतात, काय हात होता! ‘होता’ हा शब्द दुकानात बसून रोज ऐकायचा, मित्रांनो.

पण त्यांचे खरे दुखणे ते नव्हते. मी त्यांच्या जवळ राहते, मला माहीत आहे.

सुरुवातीला मामा रोज यायचा. खुर्चीच्या कडेवर बसायचा, जणू कोणी उठवायच्या आत उठायचे आहे. घड्याळजीच त्याला हसवायला बघायचे. “अरे मेहुण्या, दुर्बीणवाल्यांना एकच डोळा लागतो. दुसरा उगाच मिटत बसावा लागायचा, ती कटकट गेली.” त्या विनोदावर मामा लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

आणि एका संध्याकाळी ताईच्या तोंडून ते निघाले. ती भांडी लावत होती. दिवसभर तिने नवऱ्याला एक स्क्रू शोधताना पाहिले होते. मामाकडे न बघताच ती म्हणाली, “एवढं हलकं टोपडं. घालायला तुला काय जड झालं रे?”

बस्स. एवढेच. तिने लगेच जीभ चावली, पण शब्द काही चमच्यासारखा परत उचलून ठेवता येत नाही. मामा उठला, चप्पल घातली. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने थोरलीला तिपाईवरून उतरवले. एका शाळेला देऊन टाकतो म्हणाला. घड्याळजी जवळ गेले आणि त्यांनी चाचपून चाचपून माझे स्क्रू सोडवले.

“ही राहू दे.”

“भावजी, तिला तरी फेकून द्या! मला बघवत नाही तिच्याकडे.”

“तिनं काय केलं? आणि तू तरी काय केलंस? माझा डोळा, माझी सवय. तू येत जा. आभाळ नको बघूस, चहाला येत जा.”

“येतो, भावजी,” मामा म्हणाला.

तो आला नाही. त्याने लांबच्या डेपोत बदली मागून घेतली. ताई फोन करते तेव्हा म्हणतो, “गाडीवर आहे, ताई, नंतर करतो.” नंतरचा फोन येत नाही. आईवडील कधीच गेले होते. ताईचे माहेर म्हणजे हा एवढा भाऊच होता. “माझ्याच जिभेनं माझं माहेर तोडलं,” असे ती एकदा नवऱ्याला म्हणाली. गुणगुणणे तिने सोडले आहे.

मित्रांनो, दुकानात तुमच्यासारखी मुले सेल बदलायला येतात आणि मला बघून विचारतात, “काका, ही काय आहे?” मग घड्याळजी मला कपाटातून काढतात, मुलांच्या हातात देतात आणि सांगतात, “बाळांनो, सूर्याच्या वाटेला जायचं तर जितकी भिंगं तितकी झाकणं. मोठं तोंड झाकलं म्हणून भागत नाही. आधी झाकणं मोजायची, मग डोळा न्यायचा. आणि सोबत जाणतं माणूस असल्याशिवाय जायचंच नाही.”

“पण डोळा कोणाचा गेला, काका?”

“होता एक वेंधळा. चांगली झाकलेली मोठी दुर्बीण सोडून भलत्याच नळीत डोळा घातला त्यानं. दुसऱ्या कोणाची काही चूक नव्हती.”

हे ते प्रत्येक मुलाला सांगतात. शेजारच्या स्टुलावर ताई पट्ट्याला भोक पाडत बसलेली असते. ‘दुसऱ्या कोणाची चूक नव्हती’ हे वाक्य आले की तिचा हात थांबतो आणि ती दाराकडे बघते. जणू ते ऐकायला दाराशी कोणी उभे असावे.

मी एवढीशी नळी. आजवर कित्येक हरवलेले तारे मी शोधून दिले, पण एक माणूस मला शोधता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. झाकणांचे तुम्ही लक्षात ठेवालच, शहाणी मुले आहात. पण माझे आणखी एक काम करा. तुमच्यापैकी कोणी कधी बसमध्ये पुढच्या बाकावर बसाल, आणि गाडी चालवणारे मामा असे असतील, की समोर केवढा थोरला चंद्र उगवला तरी मान खाली घालून फक्त रस्त्याकडे बघताहेत, तर उतरताना त्यांना हळूच सांगा: मामा, घड्याळाचे दुकान संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असते. ताई चहाला एक कप जास्त टाकते.